धर्माचा रकाना

बाबा,

मी तुमच्यावर रागावले आहे. हे सांगायला अठ्ठावीस वर्षं उशीर झाला आहे हे मला कळतं, पण रागाचं कारणच मला गेल्या महिन्यात सापडलं, त्याला मी काय करू? शाळेत मी मुलांना पत्रलेखन शिकवायचे. वर मायना, खाली आशीर्वादाची मागणी, मधे ख्यालीखुशाली. ते सगळं आज गाळते आहे. आशीर्वाद मागण्याच्या मनःस्थितीत मी नाही, आणि ख्यालीखुशाली थोडक्यात सांगते. मी त्रेसष्टची झाले. पाच वर्षांपूर्वी कोल्हारच्या शाळेतून निवृत्त झाले. गुडघे बोलायला लागलेत. आई जाऊन तीन वर्षं झाली. आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, आता दाखल्यांवर अहिल्यानगर येतं, आणि लोक तोंडाने अजून नगरच म्हणतात. तुम्ही असतात तर सगळ्या जुन्या कागदांचं काय करायचं या विचाराने चार दिवस जेवला नसतात.

तुम्ही कोण होतात हे इथे अजून लोकांना आठवतं. फक्त तुमचं खरं आडनाव कुणाला आठवत नाही, कारण ते कुणाला कधी उच्चारताच आलं नाही. बारा वर्षांचे असताना तुम्ही माझ्या आजीचा हात धरून बोटीने मुंबईत उतरलात. तुमच्या देशात ज्यू माणसाला जगणं अशक्य करून टाकलं होतं, एवढंच तुम्ही मला सांगितलंत आणि त्यापुढे कधी गेला नाहीत. पुढे कॉमर्स शिकलात आणि प्रवरेकाठच्या शुगर फॅक्टरीत अकौंटंट म्हणून आलात. ऊसतोडीच्या लोकांनी तुमचा रंग बघून तुम्हाला गोरेसाहेब म्हणायला सुरुवात केली, आणि दोन वर्षांत पोस्टमनसुद्धा गोरे आडनावाने तुमची पत्रं आणू लागला. एकदा नाशिकहून एक गृहस्थ गोऱ्यांची वंशावळ घेऊन आले होते. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, "मी लई लांबचा गोरे."

मराठी तुम्ही मजुरांकडून शिकलात आणि सरकारी अर्जांतून. त्यामुळे एकाच वाक्यात 'सबब' आणि 'न्हाई' यायचं. 'ळ' तुम्हाला कित्येक वर्षं जमला नाही, आणि जमल्यावर इतका आवडला की नको तिथेही यायला लागला. मला तुम्ही 'माझी मुळगी' म्हणायचात. आई पदर तोंडाला लावून हसायची.

दर रविवारी सकाळी कारखान्याच्या कॉलनीच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली तुमचं घडीचं टेबल लागायचं. तिथे तुम्ही फुकट अर्ज लिहून द्यायचात. जन्माची नोंद, विधवेचं पेन्शन, वारसाचा दाखला, हॉस्टेलात मुलाचा प्रवेश. कोल्हारचे लोक यायचेच, पण पार काष्टीहून आणि तिसगावहून एसटी बदलत बदलत यायचे. सोमवारी तुम्ही त्या अर्जांच्या मागे लागायचात, कचेरीत, तहसीलला, नगरला. सुट्ट्या सगळ्या त्यात गेल्या. मी महाबळेश्वर पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या सहलीबरोबर, मुलांची शिक्षिका म्हणून. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही, उलट लहानपणी मला त्याचा गर्वच होता. इतर मुलींचे वडील नुसते त्यांचे होते. माझे वडील सगळ्यांचे होते.

आपल्या घरी शुक्रवारी संध्याकाळी आई दोन दिवे लावायची. तुम्हीच तिला शिकवलं होतंत. ती दिव्यांना आधी हळदकुंकू वाहायची, मग तुमच्याकडे बघायची, आणि तुम्ही डोक्यावर रुमाल टाकून तुमच्या भाषेतली प्रार्थना म्हणायचात. पाव मिळायचा नाही म्हणून दोन भाकरी पांढऱ्या फडक्याखाली झाकलेल्या असायच्या. भिजवलेल्या मनुकांचं सरबत तुम्ही आधी प्यायचात, मग मी, मग आई. त्यानंतर शनिवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या धर्माने काम वर्ज्य, म्हणून तुम्ही पेन हातात धरायचा नाहीत. कारखान्याच्या चेअरमनने निरोप पाठवला तरी नाही. नवरात्रात आई मोहट्याच्या देवीला अनवाणी जायची तेव्हा तिची पिशवी तुमच्या खांद्यावर असायची. पायऱ्या संपल्या की तुम्ही पिशवी तिच्या हातात द्यायचात आणि बाहेर नारळवाल्याशी गप्पा मारत थांबायचात. मला हे सगळं इतकं सरळ वाटायचं की यात कुठे काही अडचण असेल असं कधी मनात आलं नाही.

आता शाळेचं. मला पहिलीत घालताना तुम्ही धर्माच्या रकान्यात 'ज्यू' असं लिहून दिलंत. शाळेच्या कारकुनाने तो शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. त्याला वाटलं, घाईत लिहिताना साहेबांची काहीतरी चूक झाली असणार. त्याने आपल्या बुद्धीने ती सुधारली आणि जनरल रजिस्टरात चांगल्या ठसठशीत अक्षरात 'जैन' लिहिलं. मला हे कळलं चौथीत, बाईंनी महावीर जयंतीला भाषण करायला मला उभं केलं तेव्हा. मी घरी येऊन रडले. तुम्ही खूप हसलात. "अंडी खाणारी जैन," असं म्हणून आईला हाक मारलीत. मग मी म्हटलं, बदलून द्या. तुम्ही म्हणालात, "बघू." सातवीत म्हटलं, तेव्हाही बघू. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच आलं, कॉलेजात तेच गेलं, नोकरीच्या सेवापुस्तकात तेच चिकटलं. चौतीस वर्षं मी स्टाफरूममध्ये पर्युषणाच्या शुभेच्छा घेतल्या. सुरुवातीला खुलासा करायचे, मग नुसतं धन्यवाद म्हणायला लागले.

तुम्हाला वेळ मिळाला नाही, असं मी मानलं. साऱ्या तालुक्याचे कागद दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरच्या कागदासाठी फुरसत होत नाही, हे लोकांना सांगताना मी हसायचे. तुमच्या थोरवीचा तो पुरावाच वाटायचा मला. आणि म्हणूनच नववीतली ती गोष्ट मला इतकी वर्षं टोचली नाही, ती आता टोचते.

माझ्या वर्गातली मुलगी होती, कारखान्यातल्या फिटरची. तिचे वडील एका रविवारी टेबलाशी आले. मी तुमच्यासाठी चहा घेऊन आले होते म्हणून मला बोलणं ऐकू आलं.

"सायेब, पोरीच्या दाखल्यावर शाळेनं जुनंच लिवलंय," ते म्हणाले. "आमी बौद्ध हाय. तिच्या जल्माच्या आधीपासून हाय. कागदावर बी तसंच पायजे."

"शाळेला सांगितलं?"

"सांगितलं की. मास्तर म्हनले, काय फरक पडतो."

तुमचा चेहरा लाल झाला. तुम्हाला राग आला की कान आधी लाल व्हायचे. "फरक कसा न्हाई पडत," तुम्ही म्हणालात. "माणूस एक आणि कागद दुसरा, असं चालत न्हाई. दोन्ही जुळलं पायजे." आणि त्यानंतर तुम्ही सात वेळा नगरच्या शिक्षणखात्यात गेलात. सात वेळा, मी मोजत होते, कारण प्रत्येक वेळी आई डबा बांधून द्यायची. शेवटचा कागद शनिवारी दुपारच्या आत द्यायचा होता आणि तिथल्या साहेबाने ऐनवेळी नवा खुलासा मागितला. तुम्ही खिडकीशी उभं राहून तो लिहिलात. शनिवारी. तुमच्या हातात शनिवारी पेन पाहिलं असं ते फिटर आम्हाला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. आईने त्या दिवशी जेवताना तुम्हाला तूप जास्त वाढलं.

मैत्रिणीच्या दाखल्यावर 'बौद्ध' आलं. तिने तो वर्गात आणून दाखवला, आम्ही सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. घरी येऊन मी फक्त एवढं म्हटलं, की आता माझाही करा. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तुझं वेगळं हाय." वेगळं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, वेगळं म्हणजे सोपं, केव्हाही होईल असं.

आणखी एक दिवस. मी चोवीस वर्षांची, बी.एड. होऊन नुकती नोकरीला लागलेली. पनवेलकडच्या एका ज्यू कुटुंबातून स्थळ आलं. मराठी बोलणारी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या कोकणातली. मुलगा बँकेत. त्याच्या आईने येताना चिकाचा खरवस आणला होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या की आमच्या मशिदीत लग्न लावू, आणि आपली आई चमकून तुमच्याकडे बघायला लागली. मग तुम्ही तिला समजावून सांगितलंत की कोकणातले आपले लोक सिनेगॉगला मशीद म्हणतात, आणि सगळे हसले. मुलगा माझ्याकडे बघून हसला. मला तो आवडला होता बाबा. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, आईलाही नाही. त्याला बोलताना मधेच चष्मा पुसायची सवय होती आणि चष्म्याशिवाय तो फार साधा दिसायचा.

मग तुम्ही त्याच्या वडिलांना घेऊन ओट्यावर गेलात. दहा मिनिटं. आत आईने पुऱ्या तळायला घेतल्या होत्या. तुम्ही दोघं परत आलात तेव्हा ते गृहस्थ बायकोला म्हणाले, "निघू या, गाडीची वेळ झाली." पुऱ्या तशाच राहिल्या. मुलाने चपला घालताना दारात वळून पाहिलं, त्यालाही काही कळलेलं नव्हतं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, मुलगा परदेशी जाणार आहे, ते एवढ्यात लग्न करणार नाहीत. मी विश्वास ठेवला. तुम्ही खोटं बोलत नाही ही गोष्ट मला सूर्य उगवण्याइतकी पक्की होती. नंतर दोनतीन स्थळं आली, ज्यू नव्हे, इकडचीच, त्यांना मीच नाही म्हटलं. मनात तो चष्मा पुसणारा होता आणि त्याच्या परदेशाहून परत येण्याची मी थोडी वाट पाहिली. मग नोकरी, मग तुमचं आजारपण, मग आई. मी एकटी राहिले याचा दोष मी तुमच्या पदरात टाकत नाही. पण आता तो पूर्ण माझ्याही पदरात ठेवून घ्यायला मी तयार नाही.

तुम्हाला पुण्याच्या ज्यू दफनभूमीत दफन केलं तेव्हा इथून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. ऊसतोडीवाले, फिटर, दूधवाले, कॉलनीतल्या बायका. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, ते तिथल्या मंडळींनी गोळा केले. आपली माणसं मागे हात जोडून उभी होती आणि कुणीतरी हळूच रामनाम घेत होतं. आईला त्या लोकांनी अदबीने खुर्ची दिली. तुमच्या शेजारची जागा रिकामी आहे हे मी तेव्हाच पाहून ठेवलं होतं. आईला ती नकोच होती. "मला आपलं प्रवरेला सोड," असं ती नेहमी म्हणायची, आणि तसंच केलं. अग्नी मी दिला, राख मी सोडली. मग जागा माझी, असं मी धरून चालले होते. गेल्या महिन्यात छातीत जरा दुखलं, डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही, पण मी म्हटलं हे काम उरकून टाकावं. म्हणून दफनभूमीच्या कमिटीला फोन केला. चिटणीस म्हातारे होते, तुम्हाला ओळखणारे.

"गोरेसाहेबांची मुलगी ना? जागा ठेवू की, का नाही ठेवणार. फक्त आईचं सांगा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आई नर्स होती, कारखान्याच्या दवाखान्यात."

"तसं नव्हे हो ताई. आई आपल्यात आली होती का? म्हणजे विधी वगैरे करून?"

मी म्हटलं नाही, आईचा देव्हारा शेवटपर्यंत होता. मग त्यांनी फार सांभाळून, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं मला सांगितलं की आपल्याकडे मूल आईच्या धर्माचं धरतात. वडील कितीही मोठे असोत. आई आपल्यात नसेल तर लेकरू आपल्यात नाही. "तुम्हाला वडिलांनी सांगितलं असेलच," ते म्हणाले. मी हो म्हटलं. एका परक्या माणसासमोर तुमची लाज राखली मी.

तरीही फॉर्म पाठवतो म्हणाले, आणि त्यासाठी त्यांना तुमच्या थडग्याचा नंबर हवा होता, त्याची पावती शोधायला मी तुमची 'घर' असं लिहिलेली फाईल काढली. विजेची बिलं, माझ्या लसीचे कागद, आणि त्यांच्या खाली दोन कागद एकत्र टाचलेले. पहिलं मुंबईच्या एका धर्मपंडितांचं उत्तर, तुमच्या पत्राला आलेलं, मी नववीत असतानाचं. 'अपत्याचा धर्म मातेवरून ठरतो. तरी माता व कन्या यांनी येथे येऊन रीतसर प्रवेश घेतल्यास प्रश्न उरणार नाही. त्याची सोय करता येईल.' दुसरा कागद स्टॅम्पपेपर. टाईप केलेलं प्रतिज्ञापत्र, की माझ्या मुलीच्या शाळेच्या नोंदीत जैन असे चुकून पडले असून तिचा धर्म ज्यू आहे, सबब दुरुस्ती व्हावी. तारीख त्याच आठवड्यातली, ज्या आठवड्यात मैत्रिणीचा दाखला झाला. खाली सहीची जागा कोरी. आणि बाजूला पेन्सिलीने तुमचं वाकडं अक्षर, 'ती चूक कारकुनाची. ही माझी होईल.'

मी त्या फाईलशेजारी जमिनीवर बसून राहिले. तुम्हाला वेळ मिळाला नाही म्हणून नव्हे, विसरलात म्हणून नव्हे. तुम्ही स्टॅम्पपेपर विकत आणला होतात. टायपिस्टकडून टाईप करून घेतला होतात. पेन उघडलं असणार. पहिलीत तुम्ही कुणाला न विचारता 'ज्यू' लिहून दिलं होतंत, आता पंडितांचं उत्तर हातात होतं. आणि मग तुमच्या त्या स्वच्छ हिशेबी हाताला माझ्या नावापुढे तुमचा धर्म लिहिणं जमलं नाही, कारण तुमच्या कायद्याने ते असत्य होतं. फिटरच्या मुलीचं खरं होतं म्हणून त्यासाठी तुम्ही शनिवार मोडलात. माझं खरं नव्हतं म्हणून मला कारकुनाच्या चुकीत राहू दिलंत. आयुष्यभर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी रकान्यात राहिले आणि तुम्ही रोज सकाळी माझ्या समोर बसून चहा प्यायलात.

आणि पनवेलच्या त्या गृहस्थांना दहा मिनिटांत सांगून टाकलंत. हे मला सगळ्यात जास्त लागतं. त्यांना फसवायचं नाही, एवढं तुम्हाला कळलं. ओट्यावर उभं राहून एका अनोळखी माणसाला तुम्ही माझ्याबद्दलचं सत्य दिलंत आणि आत येऊन मला परदेशाची गोष्ट दिलीत. मी चोवीस वर्षांची होते. 'सोय करता येईल' असं लिहिलेला कागद घरात दहा वर्षं पडून होता. मला विचारलं असतंत तर मी त्याच रात्री बॅग भरली असती. माझ्या आयुष्याचा अर्ज तुम्ही तुमच्याजवळच ठेवून घेतलात, आणि बाहेर लोक रांगा लावत होते, की साहेब कुणाचा कागद अडवत नाहीत.

आईला तुम्ही का विचारलं नाहीत, याचं उत्तर मला सुचतं आणि मला ते नको असतं. तिने तुमच्याशी लग्न केलं तेव्हा तिसगावला तिच्या भावांनी सांगितलं होतं, "आमची भन बाटली. आमाला मेली." तिच्या आईच्या मयतीलाही तिला वेशीपर्यंतच येऊ दिलं. ती कधी बाटली नव्हती, पण ते कुणी ऐकून घेतलं नाही. असल्या बाईला तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार, की आता खरंच ये. तुम्ही म्हटलं असतंत तर ती तुमच्यासाठी आली असती, न बोलता, आणि मोहट्याच्या पायऱ्या चढणं बंद केलं असतं. तेच तुम्हाला नको होतं, असं मला कधी कधी वाटतं. तिला तुम्ही वाचवलंत. पण मग मला तरी सांगायचं होतंत. माहेरच्यांनी तिला बाटली म्हणून टाकलं, आणि तुमच्यांनी ती बाटली नाही म्हणून मला टाकलं, आणि या दोन्हींच्या मधे तुम्ही होतात, सगळं माहीत असलेले, गप्प.

गेल्या आठवड्यात मी एकदा ठरवलं होतं की ती जागा मला नको. इथेच नदीवर जावं, आईसारखं. मग संध्याकाळी बाजारात एक म्हातारा मला थांबवून म्हणाला, "बाई, तुमच्या बाबानं माझ्या बहिणीचं पेन्शन चालू केलं हुतं. देवमाणूस." मी नेहमीसारखं हात जोडले आणि घरी येऊन अशी रडले की शेजारीण विचारायला आली. मला तुमच्याशेजारी यायचं आहे बाबा. एवढा राग येऊनही यायचं आहे. लोकांना तुम्ही पुरलात, मला पुरला नाहीत, आणि मेल्यावर तरी तुम्ही रविवारी कुठे जाणार नाही.

चिटणीसांनी फोन ठेवण्यापूर्वी हळूच एक सांगितलं होतं. फॉर्ममध्ये 'मातेचा धर्म' असा रकाना आहे. तुमच्याइथलं कुणी आता हयात नाही, तुम्ही लिहून द्याल ते आम्ही धरून चालू. म्हणजे मी एक वाक्य लिहायचं. तीन आठवडे फॉर्म टेबलावर होता. तुम्हाला जमलं नव्हतं ते मला तरी कसं जमेल, असं वाटायचं, आणि याही गोष्टीचा तुमच्यावर राग यायचा.

परवा मी तो भरला. मातेचा धर्म, ज्यू. रकान्यात जागा उरली होती म्हणून पुढे 'विवाहापूर्वी स्वीकारला' असंही लिहिलं. सही केली. कोल्हारच्या पोस्टात जाऊन रजिस्टर केला आणि पोचपावती जपून ठेवली. तुमच्याकडून निदान एवढं शिकले. हे पत्र मात्र वहीतच राहील. तुम्हाला पोचण्याची सोय असती तरी धाडलं नसतं, कारण तुम्ही आधी मला तो फॉर्म परत मागवायला लावला असतात आणि मग बाकीचं वाचलं असतंत.

तुम्ही काय म्हणाल याची मला आता पर्वा नाही. पण आईच्या फोटोपुढे मी रोज दिवा लावते, आणि परवापासून दिवा लावताना मान वर करत नाही.